एक नाही, दोन नाही

२९ ऑगस्ट १९९४, सोमवार

दानिएलचं पत्र आलं. माझा हा भाचा इस्रायलला जाऊन अकरा वर्षं झाली, अक्षर अजून कोंबडीच्या पायाचं! लिहितो — "मावशी, आता नवं साल लागेल ते मेळाव्याचं. बडोद्याला काही करणार का?"

करणार का म्हणजे? इथे उरलंय कोण करायला!

सात वर्षांतून एक वर्ष जमीन पडीक ठेवायची. पेरायचं नाही, कापायचं नाही. कुंपण उघडं टाकायचं, आपोआप उगवेल ते ज्याला हवं त्याने खावं. ते वर्ष सरलं की पुढच्या मांडवांच्या सणात सगळ्यांनी एका जागी जमायचं आणि राजाने धर्मशास्त्र वाचून दाखवायचं. आता मंदिर नाही, राजा नाही. आणि आम्ही बेने इस्राएल म्हणजे कोकणातले शनवार तेली. शनवारी घाणा बंद ठेवला, एवढीच आमची विश्रांती. तरी मागच्या खेपेला, सत्याऐंशी साली, ह्यांनी ह्याच गच्चीवर मांडव घालून वाचलं होतं. चौदा पुरुष होते. आम्ही बायका जिन्याच्या दारात, मलिद्याची ताटं धरून.

दानिएल पुढे लिहितो — "आधी कुंपण उघडायचं, मग जमायचं, ह्या क्रमातच सगळा अर्थ आहे असं आमचे रब्बी सांगतात." रब्बींना म्हणावं पाणीगेटला या. इथे जिन्याची जाळी उघडी राहिली तर माकडं पोळ्या नेतात.

पण करायचं. ठरवलं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, ह्यांच्यामागे एकदा तरी ह्या गच्चीवर वाचन व्हायला हवं. मी चौसष्ट वर्षांची. पुढचा मेळावा दोन हजार एक साली — तेव्हा कोण कुठे!

१ सप्टेंबर, गुरुवार

शालोम भाऊजींना सांगितलं. ह्यांचे धाकटे भाऊ, रेल्वेतून रिटायर, आता बडोद्यातल्या आमच्या चार घरांचे स्वयंघोषित मुकादम. पहिला शब्द काय? "वहिनी, दहा कुठून आणणार?"

दहा म्हणजे दहा पुरुष. ते असल्याशिवाय सेफेर — ती शास्त्राची गुंडाळी — उघडत नाहीत.

मग बसले मोजायला. आमच्यात माणसं मोजत नाहीत, दृष्ट लागते. सासऱ्यांची रीत अशी, की आकडा घ्यायचा पण नाकारून घ्यायचा. "मी, एक नाही. अकोट्याचा सामसन, दोन नाही. सामसनचा मुलगा, तीन नाही…" आणि थांबले. बडोदं संपलं.

मी समोर चहा घेऊन उभी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, प्रार्थना ह्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ म्हणते — पण मी "चार नाही"सुद्धा नाही!

"अहमदाबादहून बोलवा," म्हटलं. "सिनेगॉग आहे, प्रार्थना चालवायला हजान आहेत, सेफेर आहे."

"कोण येणार वहिनी एवढ्या लांब? दोन तास!"

दोन तास! हेच गृहस्थ मॅच बघायला मुंबईला जातात.

२ सप्टेंबर, शुक्रवार

एसटीडीच्या दुकानात तासभर उभी. हजान घरी नव्हते. त्यांची बायको म्हणाली, "हवे तो रविवारे फोन करजो." म्हणजे आता रविवारी.

५ सप्टेंबर, सोमवार

काल फोन लागला, हजान येतो म्हणाले! सहा जणांना घेऊन, सेफेरसकट. रविवार, पंचवीस तारीख. तीन आणि सात. पण "जोऊं छूं, बेन, जोऊं छूं" (बघतो, बघतो) असं चार वेळा म्हणाले. चार वेळा म्हणजे मला भीतीच वाटते.

आता ह्यांची वही शोधायची. निळ्या पुठ्ठ्याची. त्या दिवशी वाचायचे उतारे ह्यांनी हिब्रूतून देवनागरीत उतरवून घेतले होते, खाली मराठी अर्थ. शेवटच्या पानावर त्या-त्या वर्षी कोणाकोणाला बोलवायचं त्याची यादी. कपाट, ट्रंक, माळा — सगळं उपसलं. धुळीने शिंका आल्या, वही नाही. माझ्या घरातून वही जाते कुठे?

भाऊजींनीच नेली असणार. दुसऱ्याचं पुस्तक नेऊन वर "तुम्हीच दिलं होतं" म्हणायची सवय आहे त्यांना.

८ सप्टेंबर, गुरुवार

मंगळवार-बुधवार नवं वर्ष झालं. लिहायचं नसतं. लिहिण्यासारखंही काही नव्हतं. सफरचंद आणि मध, एकटीने.

११ सप्टेंबर, रविवार

भाऊजींशी कडाक्याचं भांडण. सगळं लिहून काढते, नाहीतर जेवण पचायचं नाही.

आधी वहीवरून. म्हणाले, "माझ्याकडे नाही. पण असेल तिथे नीट असेल." कुठे नीट? "नीट म्हणजे नीट." चोराच्या उलट्या बोंबा!

मग ते आले बसायच्या व्यवस्थेवर. पुरुष मांडवात, बायकांच्या खुर्च्या जिन्याकडे. मी चष्मा लावला, मराठी शास्त्र काढलं आणि ती ओळ त्यांच्या नाकासमोर धरली. कोणाला जमवायचं ते स्पष्ट लिहिलंय — पुरुष, बायका, लेकरं, आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. ओळीने चार! "दहा" हा आकडा दाखवा मला ह्यात, म्हटलं. कुठे आहे?

"ते राजाच्या काळातलं, वहिनी."

"मग वाचन कोणाच्या काळातलं?"

चहा ढवळायला लागले. इतकं बरं वाटलं मला! वर्गातल्या दांडगटाला फळ्यासमोर उभं केल्यासारखं. पण हा माणूस नमायचा नाही. छत्री उचलता उचलता म्हणाले, "मग ओळ पुरी करा ना. लेयाला बोलवा. तिच्या लेकीला बोलवा. आणि तो हेरंब — तो काय वेशीच्या बाहेरचा आहे? मांजलपूरलाच राहतो."

"चहा झाला असेल तर निघा," म्हटलं मी.

गेले. कप मात्र तसाच, अर्धा.

१२ सप्टेंबर, सोमवार

लेयाचं नाव ह्या घरात सात वर्षांनी घेतलं गेलं. म्हणून लिहून ठेवते, एकदाच.

सत्याऐंशीच्या मेळाव्याचा दिवस. वाचन झालं, माणसं गेली, आणि रिकाम्या मांडवात लेया म्हणाली, "आई, मी हेरंबशी रजिस्टर लग्न करतेय." रिफायनरीतला इंजिनियर. चांगल्या घरचा, मराठी, बोलायला गोड — सगळं खरं. आपला नाही, हेही खरं. दोन हजार वर्षं आम्ही कोकणात घाणा ओढला आणि शनवार सोडला नाही, तो काय माझ्या लेकीने सोडावा म्हणून? मी म्हटलं, "त्याचं पाऊल ह्या मांडवात पडता कामा नये. आणि तुझंही नाही." ती खाली बघत ताटं गोळा करत राहिली. सगळी ताटं धुऊन, पुसून, मग गेली.

हे काही बोलले नाहीत. नंतरही नाही. तीन वर्षं एका शब्दाने नाही! तेव्हा मला वाटलं, माझ्या बाजूचे आहेत.

ह्यांना मूठमाती दिली त्या दिवशी ती कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभी होती. शेजारी तो. कडेवर वर्षाची पोर. अहल्या नाव ठेवलंय, हे मला तळमजल्याच्या निरुपमाकडून कळलं. लेकीची लेक आमच्या नियमाने आमचीच. तरी मी गेले नाही जवळ.

झालं लिहून. ह्यावर आता काही लिहायचं नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार

उद्या दारफाळणीचा, वर्षभराच्या पापांच्या क्षमेचा उपास. त्याच्या आधी ज्याचं-ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची. निरुपमाची मागितली (तिच्या दोरीवरचे कपडे ढकलले होते). दूधवाल्याची मागितली. भाऊजींच्या घरी जाऊन त्यांचीसुद्धा मागितली. ते म्हणाले, "माझी सोपी आहे, वहिनी."

खवचट माणूस.

१९ सप्टेंबर, सोमवार

बांबू मिळाले! काल विसर्जन झालं, आज गल्लीतल्या गणपतीचा मांडव सुटला. निरुपमाने मंडळाच्या पोरांना दम भरला — "ए, आ बधा बांबू ऊपर लई जाओ, मिल्कामावशीच्या गच्चीवर!" दर वर्षी आमचा सण चंद्राच्या हिशोबाने येतो आणि दर वर्षी काहीतरी असं जुळतं. एका देवाच्या मांडवाचे बांबू दुसरीकडे लागले. हे असते तर हसले असते.

वरून झावळ्या टाकल्या, विरळ, आकाश दिसेल अशा. महाळुंग टांगलं. पाहुण्यांसाठी चार चटयाही निरुपमानेच आणून दिल्या. "किती जण गं?" म्हणाली. सवयीने "दहा" म्हटलं. "आणि तू, मिल्का?" म्हणाली. मी महाळुंगाची दोरी आवळत बसले.

तरी आज मन हलकं आहे. हजानांचा निरोप आला, रविवारी सकाळच्या गाडीने सात जण नक्की. भाऊजींनी तीन नाही, चार नाही करत दहा नाहीपर्यंत मोजलं आणि टाळी वाजवली! होतंय. माझ्या हातून होतंय!

२३ सप्टेंबर, शुक्रवार

सणाच्या मधल्या दिवसांत लिहू नये असं हे म्हणायचे. आज लिहिते. लिहिलं नाही तर भांडी फेकीन.

सुरतला प्लेग. पेपरात पहिल्या पानभर. निरुपमाचा हेका — "तोंडाला रुमाल बांध, बाहेर पडू नको." औषधांच्या दुकानात गोळ्या संपल्यात. स्टेशनवर सुरतहून येणाऱ्या गाड्या माणसांनी लगडल्यात म्हणतात.

हजानांचा फोन शेजारच्या दुकानात आला. "बेन, आ वखते नहीं." सात जण गेले. सामसनचा निरोप — गुडघे. मागच्या आठवड्यापर्यंत गुडघे ठीक होते! मुलाला सुनेने अडवलं. भाऊजी खालूनच ओरडले, वर आले नाहीत, "वहिनी, सरकार सांगतंय गर्दी करू नका."

गर्दी! माझ्या गच्चीवर गर्दी!

एक नाही, दोन नाही, तीन नाही. आता खरंच नाही. मलिद्याचे पोहे आणलेले, गूळ आणलेला, तीन नारळ. कोणाचा दोष नाही, हे मला कळतं. प्लेग काय माझ्याशी भांडायला आलेला नाही. पण मला राग येतोय. साध्यासुध्या माणसांवर येतोय, दानिएलच्या रब्बीवर येतोय, ह्यांच्यावर तर फारच येतोय. वही घेऊन बसलेत कुठेतरी आरामात!

दुकानात होतेच, म्हणून आणखी एक फोन केला. मांजलपूरचा. नंबर मला कोणी दिलेला नाही. डिरेक्टरीत बघून पाठ केलाय. हेरंबला कामानिमित्त सुरतेकडे जावं लागतं, हे निरुपमा बोलून गेली होती, ते सकाळपासून डोक्यात घोळत होतं.

त्यानेच उचलला. मी गप्प. तो दोन वेळा हॅलो म्हणाला. मग हळू म्हणाला, "आई, मी सुरतेला गेलो नव्हतो. लेया बरी आहे. अहल्या बरी आहे. तुम्ही पाणी उकळून प्या."

मी फोन ठेवला. दुकानदार म्हणाला, "शुं थयुं, मासी?" काही नाही म्हटलं. डोळ्यांत धूळ गेली म्हटलं. ह्या वयात खोटं बोलायला लागतंय दुकानदाराशी!

त्याने ओळखलं कसं?

२५ सप्टेंबर, रविवार

सकाळचे साडेनऊ. मांडव झाडला. चटया घातल्या. कोणी नाही. मलिदा मात्र केला, हट्टाने.

२६ सप्टेंबर, सोमवार

काल दहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. निरुपमा असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. आधी गच्चीवर आली ती फ्रॉक घातलेली पाच वर्षांची पोर. तोंडाला लेयाची जुनी ओढणी बांधलेली, वर डोळे तेवढे. ते डोळे ह्यांचे! तसेच, जाड पापण्यांचे.

मागे लेया. मागे तो. लेया मांडवाच्या कडेशी थांबली. तो एक पायरी खालीच थांबला. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. त्याने लांबूनच पुढे केलं. "आई, हे आज लागेल म्हणून. देऊन जातो."

निळ्या पुठ्ठ्याची वही.

"ही तुमच्याकडे कशी?" एवढंच तोंडातून निघालं, तेही शाळेतल्या आवाजात.

"बाबांनी दिली," तो म्हणाला. "दर मंगळवारी यायचे ना आमच्याकडे. शेवटच्या मंगळवारी देऊन गेले."

मंगळवार! मंगळवारी हे सयाजीबागेत फिरायला जायचे. मला सांगून जायचे. तीन वर्षं, दर मंगळवारी, मी छत्री हातात द्यायचे! घरात एक शब्द बोलले नाहीत आणि तिकडे जाऊन नात खेळवली. मला इतका संताप आला, आणि त्या संतापातच इतकं रडू आलं, की दोन्ही एकदम कसं येतं ते मला अजून कळलेलं नाही.

"चपला काढून आत या," म्हटलं मी. "पाय भाजतील तुमचे."

तो आत आला. लेया आली. तेवढ्यात भाऊजी — तोंडाला पंचा, हातात काठी, धापा टाकत! "म्हटलं वहिनी एकट्या असतील." हेरंबला बघून मुळीच दचकले नाहीत. म्हणजे भाऊजींनाही ठाऊक होतं सगळं, आजची वेळही त्यांनीच कळवलेली! निरुपमा आपली जिन्याच्या तोंडाशी, "मी इथेच बसते हं" करत.

भाऊजींनी सवयीने बोट उचललं. "एक नाही…" म्हणाले, इकडेतिकडे बघितलं आणि बोट खाली घेतलं. मग मीच हजेरी घेतली. शाळेत मी कधी नंबर घेतले नाहीत, नावंच घ्यायचे. शालोम. लेया. अहल्या. निरुपमा — "आत ये गं, तिथे काय!" हेरंब. हेरंबचं नाव सगळ्यांच्या शेवटी. पण घेतलं. दृष्ट लागायची तर लागो.

दहा नाहीत. सेफेर नाही. नियमाने हे काहीच झालं नाही, हे मला ठाऊक आहे. वाचायचं कोणी? भाऊजींना ह्यांचं अक्षर लागेना. हेरंबला लागलं. त्याने वही उघडली आणि हिब्रू उतारा वाचला, सावकाश, ह्यांच्याच हेलात. जिथे हे घसा खाकरायचे तिथे तोही थांबला. खाली मराठी अर्थ लेयाने वाचला. पुरुष, बायका, लेकरं, वेशीच्या आतला परका — तिथे ती अडली नाही, वर बघितलंही नाही, सरळ पुढे वाचत गेली.

मी मात्र जिन्याच्या दारात होते. कशी काय तिथे जाऊन उभी राहिले, मलाच कळलं नाही! भाऊजींशी भांडून बायकांची जागा मिळवली मी, आणि वाचन सुरू झाल्यावर पाय आपोआप सत्याऐंशीच्या जागी गेले. मलिद्याचं ताट धरून, उन्हात. सगळे आत, मी बाहेर. मग अहल्या उठली, येऊन माझं बोट धरलं आणि म्हणाली, "आजी, आत ये ना. इथे ऊन आहे."

आणि ओढत नेलं मला. ताट हातातच.

मलिदा सगळ्यांनी दोनदा घेतला. निरुपमा म्हणाली, "अगं, हे तर आपले गूळपोहे!" ज्याच्या नावाने मलिदा करतात त्या एलियाहू हन्नाबीची सगळी गोष्ट तिला सांगावी लागली.

दानिएलला लिहायचंय. कुंपणाचं तुमच्या रब्बींचं खरं आहे म्हणून. मी चार आठवडे कुंपण घट्ट लावून आतली माणसं मोजत बसले होते आणि पुरत का नाहीत म्हणून सगळ्या जगावर चिडत होते. पण हे असं लिहिलं तर तो पोरगा तिकडे सगळ्यांना वाचून दाखवेल. थोडक्यात लिहीन.

जाताना लेयाने ताटं धुतली. मी म्हटलं राहू दे. तिने ऐकलं नाही. मी पुसायला घेतली.

२९ सप्टेंबर, गुरुवार

सण संपला. बांबू उतरवले. हेरंब वही ठेवून गेलाय.

आज दुपारी शेवटचं पान बघितलं. ह्यांचं अक्षर, थोडं हललेलं. शेवटच्या दुखण्यातलं असणार. वर "मेळावा, १९९४". खाली यादी.

पुरुष — शालोम, सामसन, हेरंब (वाचेल).
बायका — लेया, निरुपमाबाई.
लेकरं — अहल्या.
परका — मिल्का. हाताला धरून आणणे.